सा. न. वि. वि. आणि ईमॅक्स

जुन्या पत्रांचा गठ्ठा ज्यांच्या घरात आहे त्यांना 'सा. न. वि. वि.' समजावून सांगायला नको. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. बरोबरीच्या माणसाला 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार. फारच आदराचं माणूस असेल तर 'शि. सा. न. वि. वि.'. वडीलधाऱ्यांच्या नावाआधी 'ती.', धाकट्यांच्या आधी 'चि.'. लिहिणाऱ्यानं चार-पाच अक्षरं टाकायची आणि वाचणाऱ्यानं मनात अख्खं वाक्य उलगडून घ्यायचं. पेशवाईतले मोडी कागद ज्यांनी चाळलेत ते सांगतील की तिथेही वारंवार येणारा शब्द कारकून पूर्ण लिहीतच नसत. पहिलं अक्षर, पुढे दंड, झालं काम. बोरू हातात धरून दिवसभर तेच ते लिहायचं म्हटल्यावर दुसरं काय करणार?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही दिवस मी एका भलत्याच विषयाचा इतिहास वाचतेय. संगणकावर साधा मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्रॅम असतो ना, टेक्स्ट एडिटर, त्यात पुन्हा पुन्हा द्याव्या लागणाऱ्या आज्ञांसाठी लोकांनी आपापले शॉर्टकट कसे बनवले, त्याचा इतिहास. संगणकवाल्या मंडळींना यातलं बरंचसं माहीत असेल. बाकीच्यांनी (म्हणजे मुख्यतः आमच्या घरच्यांनी!) घाबरून जाऊ नये. गोष्ट माणसांचीच आहे.

सुरुवात होते कागदी फितीपासून. १९६१ साली डेक कंपनीनं एमआयटीला पीडीपी-१ नावाचा संगणक दिला. त्यावर चालवायचे प्रोग्रॅम कागदी फितीवर भोकं पाडून लिहीत. दुरुस्ती करायची तर नवी फीत पाडायची. डॅन मर्फी तेव्हा तिथे विद्यार्थी होता. त्यानं १९६२-६३ मध्ये एक तोडगा काढला. मूळ मजकुराची फीत एक, 'इथे हे खोडा, तिथे ते घाला' अशा दुरुस्त्यांची फीत दुसरी. संगणकानं दोन्ही वाचायच्या आणि सुधारलेली तिसरी फीत पाडून द्यायची. या प्रोग्रॅमचं नाव टेको, म्हणजे टेप एडिटर अँड करेक्टर. पुढे फिती गेल्या तेव्हा 'टेप'चं 'टेक्स्ट' झालं आणि टेको टेकोच राहिला.

मला इथे गंमत वाटते ती अशी. आपण आज एडिटर म्हटलं की पडदा, कर्सर आणि टकटक चालणारी बोटं डोळ्यांपुढे आणतो. पण मर्फीच्या टेकोत दुरुस्ती म्हणजे आधी लिहून काढलेली आज्ञांची यादी होती. आणि जी यादी लिहून ठेवता येते ती परत वापरता येते. पडद्यावर लिहिता येण्याच्या आधीच 'एकदा सांगितलेलं पुन्हा पुन्हा करवून घेणं' एडिटरच्या स्वभावात होतं.

टेकोच्या आज्ञा एकेका अक्षराच्या असत. तेच काम अनेकदा करायचं तर आज्ञा टोकदार कंसांत घालायची. आज्ञांची माळ एका कप्प्यात ठेवून द्यायची आणि 'एम' हे अक्षर वापरून ती चालवायची. एम म्हणजे मॅक्रो. बहुतेक प्रत्येक अक्षर ही कुठली ना कुठली आज्ञा असल्यामुळे टेको वापरणाऱ्यांत एक खेळ प्रसिद्ध होता : आपलं नाव आज्ञा म्हणून टाइप केलं तर मजकुराचं काय होईल ते ओळखा! (आपल्याकडची लांबलचक नावं टाकली असती तर फाइलचं काय उरलं असतं कोण जाणे.)

आज्ञा इतक्या तोकड्या का, याला कारण होतं. युनिक्सचं उदाहरण घ्या. १९६९ मध्ये केन थॉम्प्सननं 'एड' नावाचा एडिटर लिहिला, तोही एकाक्षरी. तेव्हा लोक टेलिटाइप नावाच्या यंत्रावर काम करत. त्यातलं 'मॉडेल ३३' सेकंदाला १० अक्षरं छापायचं. चाळीस अक्षरांची आज्ञा छापायलाच चार सेकंद, आणि हे दिवसातून शेकडो वेळा. पुढे बिल जॉयनं बर्कलीला असताना १९७६ च्या सुमारास 'व्हीआय' लिहायला घेतला. तो घरून सेकंदाला ३०० बिट पोचवणाऱ्या मॉडेमवर काम करायचा, म्हणून त्याच्याही आज्ञा एकेका अक्षराच्या. त्याच्याकडच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची चिन्हं एच, जे, के, एल या कळांवरच छापलेली होती. व्हीआय वापरणारे आजही त्याच कळांनी इकडून तिकडे जातात. टर्मिनल संग्रहालयात गेलं, सवय बोटांत राहिली.

आता थोडं 'मॅक्रो' या शब्दाबद्दल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मोठं, लांब'. संगणकाला एकेक बारीक सूचना देण्याऐवजी एक मोठी सूचना द्यायची आणि तिच्या पोटातल्या बारीक सूचना यंत्रानं उलगडून घ्यायच्या, म्हणून ती 'मॅक्रो इन्स्ट्रक्शन'. १९६० साली डग मॅकिलरॉय यांचा या विषयावरचा गाजलेला लेख आला. म्हणजे आपण ज्याला शॉर्टकट म्हणतो त्याचं खरं नाव 'मोठा' असं आहे. आपल्याला दिसते ती लांबी कळ दाबायची, नाव ठेवणाऱ्यांना दिसत होतं ते त्या कळेमागचं काम. 'सा. न. वि. वि.'चंही तसंच नाही का? पाहाल तर चार अक्षरं, उलगडाल तर दंडवत.

तर पुन्हा एमआयटीकडे. १९७० च्या दशकात तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत टेकोला पडदा मिळाला. कार्ल मिकल्सननं टेकोत अशी सोय घातली होती की मजकूर पडद्यावर दिसावा आणि टाइप केलेलं तिथल्या तिथे उमटावं. रिचर्ड स्टॉलमननं ती सोय नव्यानं, नीट लिहिली, आणि वर एक कळीची गोष्ट केली. कुठल्याही कळेवर स्वतःचा टेको मॅक्रो बसवता येऊ लागला. कळ दाबली की तुमची आख्खी आज्ञामाळ धावणार.

मग काय विचारता! जो तो आपापल्या कळा बसवू लागला. टेकमॅक, टीमॅक्स अशा नावांचे मॅक्रोंचे संच तयार झाले. ज्याचा त्याचा संच वेगळा. तुम्ही मित्राच्या टर्मिनलवर दोन ओळी दुरुस्त करायला बसलात आणि सवयीनं कळ दाबलीत, तर तिथे ती कळ भलतंच काही करणार. स्वयंपाकघर तेच, पण मिठाचा डबा प्रत्येकीनं आपल्याला हवा तिथे ठेवलेला. प्रत्येक जण स्वतःच्या पडद्यापुढे वेगवान आणि दुसऱ्याच्या पडद्यापुढे अडाणी.

१९७६ मध्ये गाय स्टील यांनी हा पसारा आवरायला घेतला. कोण कुठली कळ कशाला वापरतं ते पाहून सगळ्यांना चालेल असा एक सामाईक संच ठरवायचा, असा तो खटाटोप. डेव्हिड मूनही त्यात होते. काम तडीला नेलं स्टॉलमननं. नाव ठेवलं ईमॅक्स, म्हणजे एडिटिंग मॅक्रोज. अनेकांच्या खासगी शॉर्टकटांची एक सामाईक भाषा झाली. आज मॅकवर मजकुराच्या बहुतेक चौकटींत कंट्रोल-ए दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि कंट्रोल-ई दाबलं की शेवटी. ती ईमॅक्सची देणगी. ईमॅक्सचं नावही न ऐकलेली माणसं ती वापरतात.

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. सामाईक संच ठरवला म्हणून स्वतःच्या कळा बसवायची मोकळीक काढून घेतली नाही. उलट 'ही कळ आत्ता काय करते?' असं ईमॅक्सलाच विचारायची सोय ठेवली. तुम्ही ती कळ बदलली असेल तर उत्तरही बदललेलं मिळतं. १९८१ मध्ये स्टॉलमननं ईमॅक्सवर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच हा गुण नोंदवलाय : स्वतःची माहिती स्वतः देणारा एडिटर. शिवाय त्यानं तो वाटताना अट घातली होती की तुम्ही काही सुधारणा केलीत तर ती परत आणून द्या, म्हणजे सगळ्यांना मिळेल. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ अजून जन्माला यायची होती, पण तिचं बाळसं इथे दिसतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा एवढा लेख लिहायला घेतला ती सांगते.

१९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स नावाच्या प्रणालीवर ईमॅक्स नव्यानं लिहिला, लिस्प भाषेत. त्यात नव्या आज्ञा बनवणं पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपं झालं. २००२ मधल्या एका भाषणात स्टॉलमननं तिथली हकीकत सांगितली आहे. ग्रीनबर्ग यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरींनी स्वतःच्या कामासाठी स्वतः आज्ञा लिहायला सुरुवात केली. त्यांच्या हातात जी पुस्तिका होती तिच्यात ईमॅक्स कसा वाढवायचा ते सांगितलं होतं, पण याला 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं! आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही अशी त्यांची समजूत होती. पण ते प्रोग्रॅमिंग आहे हे माहीतच नसल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. वाचलं, करून पाहिलं, जमलं.

हे वाचलं आणि मला माझी मावशी आठवली. (घरच्यांना माहीत आहे कोणती ते.) पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. खरेदीखतं, कुलमुखत्यारपत्रं, नोटिसा. पक्षकार बदलायचे, गट नंबर बदलायचे, पण 'सदर मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे, पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस' हे काही बदलायचं नाही. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. वर्डमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करता येतो हे तिला कुणीतरी दाखवलं. तेव्हाच्या वर्डमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना माउसच्या बाणाला छोटीशी कॅसेट चिकटलेली दिसायची. मावशी त्याला 'टेप करणं' म्हणायची. "चतुःसीमा मी टेप करून ठेवलीय," असं.

बघता बघता तिनं बरंच काही टेप केलं. आणि टेप करताना काय पाळायचं ते तिचं तिनं शोधून काढलं. समजा तुमच्याकडे दोनशे नावांची यादी आहे, प्रत्येक ओळीत आधी आडनाव मग नाव, आणि तुम्हाला ते उलट करायचंय. पहिल्या ओळीवर एकदा करून दाखवायचं आणि उरलेल्या १९९ ओळी यंत्रावर सोडायच्या. पण करून दाखवताना 'सहा घरं उजवीकडे' असं जाऊन चालत नाही, कारण पुढचं आडनाव सहा अक्षरांचं नसतं. 'एक शब्द उजवीकडे' असंच जावं लागतं. आणि शेवटी पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन थांबायचं, म्हणजे पुढची फेरी बरोबर जागेवरून सुरू होते. ईमॅक्सवाला किंवा व्हिमवाला जे करतो ते हेच. हातातलं एक उदाहरण बघून सगळ्या उदाहरणांना लागू पडेल अशी कृती काढणं, याला पुस्तकात प्रोग्रॅमिंगच म्हणतात. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणायची, "छे गं, प्रोग्रॅम-बिग्रॅम आपलं काम नाही. मी आपली टेप करते."

मल्टिक्सवरच्या त्या बायका आणि माझी मावशी यांच्यात वीसेक वर्षं आणि दोन खंडांचं अंतर. पण वाक्य तेच असावं असं वाटतं.

मावशीच्या टेपांचा शेवट मात्र गोड झाला नाही. त्याला कारण घडलं तेही या इतिहासातलंच आहे. मॅक्रोत जसं चांगलं काम भरता येतं तसं वाईटही भरता येतं. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' नावाचा, वर्डच्या मॅक्रोंतून पसरणारा व्हायरस आला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आली. तिची फाइल उघडली की आउटलुकच्या पत्त्यांतल्या पहिल्या ५० जणांना ती स्वतःच मेल पाठवायची. तिचा कर्ता डेव्हिड स्मिथ काही दिवसांत पकडला गेला. पण धास्ती राहिली ती राहिलीच. मावशीच्या ऑफिसात देखभालीला येणाऱ्या माणसानं एक दिवस सगळी मशिनं नव्यानं बसवली, मॅक्रो बंद करून टाकले आणि तिचे जुने टेपही त्यात गेले. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला, टायपिस्टचं असं मशिनवर असतं तरी काय, असाच हिशेब असणार. पुढची वर्षं तिनं चतुःसीमा जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केली. तक्रार केली नाही. फक्त बोटं दुखतात म्हणायची.

भीती खोटी नव्हती हेही सांगायला हवं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. परक्याचा मॅक्रो म्हणजे न वाचता सही केलेला कागद. पण त्या बंदोबस्तात घरच्या माणसाची चावीही काढून घेतली जाते, हे दुःख वेगळंच.

कॉपी-पेस्टचा विषय निघालाच आहे तर लॅरी टेस्लर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. झेरॉक्स पार्कमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यावर टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी 'जिप्सी' हा एडिटर केला. कट, कॉपी, पेस्ट आपण आज ज्या रूपात ओळखतो ते तिथून आलं. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले, आणि १९८३ च्या 'लिसा' संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा उलटवणं, कापणं, नक्कल करणं, चिकटवणं यांना मिळाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये टेस्लर गेले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. त्यांचा आग्रह असा की माणसाला शिकावं लागूच नये, कळ कुठेही तेच काम करेल असं यंत्र हवं. ईमॅक्सवाल्यांचा आग्रह असा की माणसाला स्वतःचं काही बनवता यायला हवं. टेस्लर यांची बाजू जिंकली, आणि त्याचा फायदा तुम्हाआम्हाला रोज होतो. त्या चार कळा माझ्या आईलाही येतात. पण तयार शॉर्टकट इतके छान मिळायला लागले की आपले आपण करायचे असतात हेच बरेच जण विसरले.

दार मात्र बंद झालेलं नाही. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे आणलेला 'व्हिम' ते स्वतः २०२३ मध्ये गेल्यानंतरही जोरात चालू आहे. त्यात क्यू दाबून रेकॉर्ड करायचं, पुन्हा क्यू दाबून थांबायचं. ईमॅक्स तर आहेच. आणि ज्यांना यातलं काही नको त्यांच्यासाठी हातातला फोन आहे. अँड्रॉइडवरच्या जीबोर्डमध्ये 'पर्सनल डिक्शनरी' असते, आयफोनवर 'टेक्स्ट रिप्लेसमेंट'. तिथे एकदा आपला पूर्ण पत्ता लिहायचा, त्याला 'पत्ता' असं छोटं नाव द्यायचं. पुढे प्रत्येक कुरियरवाल्याला ते दोन अक्षरांत जातं. रोज तीच चार वाक्यं पाठवावी लागतात अशी माणसं आपल्याकडे किती आहेत बघा. सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेच्या बाई, क्लासवाले.

एकच सुचवणं आहे, तेही मावशीवरून. आपण केलेल्या शॉर्टकटांची यादी एका वहीत लिहून ठेवा. कुठली कळ, काय करते. मशीन बदलतं, फोन हरवतो, कुणीतरी येऊन सगळं पुसून टाकतं. आणि ती यादी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला किंवा बसणारीला दाखवा. १९७६ मध्ये एमआयटीत जे झालं त्याची सुरुवात एवढीच होती : कोण कशाला कुठली कळ वापरतं ते एकदा सगळ्यांनी एकमेकांना विचारलं.

असो. फार लांबलं. मावशी हे वाचेल तेव्हा फोन करून म्हणेलच, "काहीतरी लिहितेस झालं." तिला या रविवारी फोनवर चतुःसीमा टेप करून द्यायचं कबूल केलंय, आता जमिनीचे व्यवहार ती कुठे करते म्हणा. पण ती हवीच म्हणतेय.